आत फेविकॉल का नाही घातला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांचे पल्ले, म्हणजे भोवती लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत बसवलेली फळी, मी घरीच राउटरवर, म्हणजे लाकडात खाचा कापणाऱ्या यंत्रावर, केलेत. पाहुणा पल्ला उघडतो, मधली फळी बोटाने दाबून बघतो, ती खाचेत जराशी सरकते आणि ठरलेला प्रश्न येतो. ओळखीचा मिस्त्री तर सरळ म्हणाला, "भिया, ये तो हिल रिया हे."

हलतेय, कारण हलायलाच हवी. सागवानाची फळी लांबीला जवळजवळ बदलत नाही. रुंदीला मात्र दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. आणि इंदूरची हवा तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात ओठ फुटतात, पावसाळ्यात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही. 400 मिलिमीटर रुंद फळीतला ओलावा 5 टक्क्यांनी वाढला, तर ती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. मिस्त्रींच्या हिशेबात एक सूत! फळी चारही बाजूंनी चिकटवून टाकली तर हे सूत जाणार कुठे? पावसाळ्यात कोपऱ्यांचे सांधे उचकटेल, नाहीतर उन्हाळ्यात फळीच उभी तडकेल.

म्हणून फेविकॉल फक्त चौकटीच्या चार कोपऱ्यांना. खाच 10 मिलिमीटर खोल, त्यात फळीला दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर मोकळीक. मेमध्ये काम काढलंत तर जरा जास्तच ठेवा, ती पुढे फुगणारच आहे. पॉलिश मात्र फळी बसवण्याआधी, अगदी कडांसकट. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात ती आक्रसते आणि खाचेच्या तोंडाशी कोऱ्या लाकडाची फिकट रेघ डोकावते. ती एकदा दिसली की तिच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

राउटरचं म्हणाल, तर तो टेबलाखाली बसवलेला हवा. आधी चौकटीच्या आडव्या पट्ट्यांची टोकं सांध्याच्या आकारात कापायची, मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा धरून, म्हणजे कड फाटत नाही. मग सगळ्या पट्ट्यांच्या आतल्या कडांना खाच. दर्शनी बाजू प्रत्येक वेळी टेबलाकडेच. आधी रद्दी तुकड्यांवर सांधा जुळवून त्यावरून नख फिरवा. नख अडलं तर बिटची, म्हणजे राउटरच्या फिरत्या पात्याची, उंची चुकलीय. फळीची कड उतरती करणारं मोठं बिट हातातल्या राउटरला कधीही लावू नका. ते टेबलावरच, वेग कमी करून, थोडं थोडं कापत चालवायचं.

आणि तरीही हलणारी फळी सहन होत नसेल, तर मध्ये 6 मिलिमीटरचं प्लाय घाला. प्लाय फारसं फुगत नाही. त्याला खुशाल फेविकॉल लावा, पल्ला उलट जास्तच मजबूत होतो.