तुम्ही विचारलंत म्हणून: कॅज्युअल लोकांनी गेम बिघडवले का?

"कॅज्युअल लोकांच्या नादी लागून कन्सोलवाल्यांनी गेम सोपे करून टाकले, हे मान्य का करत नाही?" हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच आलेला असतो. नाही म्हटलं तर मी बाटलो, हो म्हटलं तर मी शिष्ट. कॅज्युअल म्हणजे अधूनमधून, गंमत म्हणून खेळणारे; हार्डकोअर म्हणजे तासन्‌तास सराव करणारे. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

निन्टेंडो कंपनीच्या गेमक्यूब या कन्सोलचा (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा) खप सुमारे २.१७ कोटी, त्यानंतर २००६ साली आलेल्या वीचा (Wii), म्हणजे हातातला रिमोट हलवून खेळायच्या कन्सोलचा, दहा कोटींच्या वर. तेव्हापासून हा वाद धुमसतोय: नवख्यांना ओढण्यासाठी कसलेल्यांचा खेळ बिघडवला का? रिमोट हलवणं म्हणजे खेळणं नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी वी स्पोर्ट्‌समधलं टेनिस जरा नीट पाहावं. पडद्यावरचा खेळाडू आपोआप पळतो, हे खरं. पण फटका लवकर बसला तर चेंडू एका बाजूला जातो, उशिरा बसला तर दुसऱ्या. सगळा खेळ टायमिंगचा आहे, आणि हार्डकोअर खेळाडू अभिमान बाळगतो तोही टायमिंगचाच.

तक्रार करायची तर खऱ्या दोषाची करा. सुरुवातीच्या वी रिमोटमध्ये ॲक्सिलरोमीटर होता, जायरोस्कोप नव्हता. तो २००९ मध्ये मोशनप्लस या जोडणीसोबत आला. म्हणजे रिमोटला झटका कळायचा, पण मनगट नेमकं कसं वळलं ते पूर्ण कळायचं नाही. तरीही कित्येक गेमनी साध्या बटनाचं काम झटक्यावर सोपवलं. बटन दाबलं की दाबलं. झटका मात्र ठरावीक जोराच्या पुढे गेल्यावरच मोजला जातो, त्यात वेळ जातो, आणि हात सहज हलला तरी नको ती चाल होते. ही डिझाइनची चूक होती. तिचा त्रास नवख्यालाही तितकाच झाला, त्याचं खापर त्याच्याच डोक्यावर का?

पण मला खरंच लागलेली गोष्ट निराळी आहे: सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल, २००८. हा निन्टेंडोच्या पात्रांच्या मारामारीच्या ‘स्मॅश’ मालिकेतला वीवरचा गेम.

त्याआधीच्या मेलीमध्ये (२००१) उडी मारताच तिरकस खाली एअर डॉज (हवेतच मार चुकवायची चाल) केला की पात्र जमिनीवरून घसरत जायचं. घसरताना ते उभंच मानलं जायचं, त्यामुळे लगेच हल्ला करता यायचा. हे वेव्हडॅश. दुसरं एल-कॅन्सल: हवेतला हल्ला करून जमिनीला टेकण्याआधीच्या ७ फ्रेममध्ये शील्डचं (ढालीचं) बटन दाबलं की उतरल्यावरचा खोळंबा निम्मा व्हायचा. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र; सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे हाताशी सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. हे ज्याला माहीत नव्हतं त्याचं घरच्या खेळात काहीच अडत नव्हतं.

ब्रॉलमध्ये दोन्ही गेलं. मार खाल्लेलं पात्र एअर डॉज करून लवकर सुटू लागलं, त्यामुळे कॉम्बो (सलग जोडलेले फटके) तुटले. हेही एक वेळ चाललं असतं. पण त्यावर ट्रिपिंग आणलं: धावायला सुरुवात करताना पात्र अधूनमधून आपोआप अडखळून पडायचं. केव्हा पडेल ते निव्वळ नशीब. ते बंद करायची सोय नव्हती. सराव करून टाळायचं म्हणाल, तर धावणंच टाळायचं. पुढेमागे सतत धाव घेणारा कसलेला खेळाडू जास्त वेळा पडायचा, पण नवखाही पडायचाच, आणि का पडलो हे त्याला कळायचं नाही. त्याला एकही नवी गोष्ट मिळाली नाही. फक्त दुसऱ्याची काढून घेतली गेली.

मेली नवख्यांना फार जड गेला, असं दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी स्वतः सांगितलं आहे. हेतूबद्दल मला शंका नाही. उपायाबद्दल आहे. २०१४ च्या स्मॅशमध्ये ट्रिपिंग काढलं, २०१८ च्या अल्टिमेटमध्ये दिशेचा एअर डॉज परत आला. आणि जुना मेली खेळणाऱ्यांनी तो सोडलाच नाही. २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी देणग्या उभारण्याची वेगवेगळ्या गेमच्या चाहत्यांत चढाओढ लागली, तीतून त्यांनी तो ईव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत परत नेला.

दोघांनाही सांभाळता येतं. न्यू सुपर मारियो ब्रदर्स वीमध्ये एकाच लेव्हलमध्ये आठ वेळा मेलात की हिरवा ठोकळा दिसतो. त्याला धडका दिलीत तर लुइजी लेव्हल पार करून दाखवतो. तो ठोकळा संपूर्ण गेममध्ये एकदाही दिसू दिला नाही, तरच सेव्ह फाइलवरचे तारे चमकतात. मारियो कार्ट ८ डिलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममधलं स्मार्ट स्टिअरिंग गाडीला रस्त्याबाहेर जाऊ देत नाही, पण ते चालू असताना ड्रिफ्टचा (वळणावर गाडी घसरवत नेण्याचा) तिसरा, सर्वांत मोठा बूस्ट (वेगाचा झटका) मिळत नाही आणि काही शॉर्टकटही बंद होतात. गाडीच्या मागे अँटेना दिसली तर ते चालू आहे. गाडी निवडताना प्लसचं बटन दाबून बंद करा. मदतीची किंमत मदत घेणाराच मोजतो, शेजारचा नाही.

पूर्वी मी म्हणायचो की दोन्ही गटांना वेगळे गेम द्या, भांडण मिटेल. आज तसं म्हणवत नाही, कारण एकाच सोफ्यावर दोघांना बसवणं हेच कन्सोलचं मोठं बळ आहे. पण तो जुना मी अजून वाद घालतो. ब्रॉल मेलीपेक्षा कितीतरी जास्त खपला, मग चुकला कोण, असं तो विचारतो. खपाचं श्रेय ट्रिपिंगला देता येत नाही, एवढंच मी म्हणू शकतो. ट्रिपिंगमुळे खप अडला नाही, हेही तितकंच खरं.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. मारियो कार्टमध्ये मागच्याने सोडलेलं, पहिल्या नंबरवर येऊन आदळणारं निळं कवच चालतं, मग ट्रिपिंग का नाही? माझं उत्तर असं: कवच येताना दिसतं, सुपर हॉर्न (शर्यतीत मिळणारा भोंगा) जपून ठेवला असेल तर फोडता येतं, थोडं मागे राहून दुसऱ्याच्या माथी मारता येतं. ट्रिपिंगवर काही उपाय नव्हता. पण हॉर्न राखून ठेवायचा असतो हे कसलेल्यालाच माहीत असतं, त्यामुळे कवचाचा खरा फटका पहिल्या नंबरवर चुकून पोचलेल्या नवख्यालाच बसतो. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.