डबा आहे, कौन्सिल नाही

आमच्याकडे मंगळवारी रात्री बिन, म्हणजे कचऱ्याचे डबे, बाहेर काढायचे असतात. कुठल्या आठवड्याला कुठला रंग हे इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढूनही मला पाठ नाही, मी सरळ शेजारच्या दारात बघतो, त्याने निळा काढला की मी निळा काढतो, आणि मला दाट संशय आहे की तोपण माझ्याकडे बघूनच काढतो. तर अशाच एका मंगळवारी माझा बिन ढकलत आणून त्याच्या बिनला चिकटून लावला आणि पहिल्यांदा लक्षात आलं की दोन्हींवरची चिन्हं वेगळी आहेत. रंग तोच, साइझ तीच, पण त्याच्यावर नाव भलत्याच कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं. म्हटलं ह्याने हा उचलून कुठून आणला? विचारलं तर हसला, म्हणाला अरे ती आपलीच जुनी कौन्सिल, बंद झाली ती.

कौन्सिल बंद झाली आणि डबा चालू आहे, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

तेव्हापासून जे लागलं ते लागलंच. कुठेही गेलो की आधी बिन बघतो. लोक गाव बघायला जातात तेव्हा चर्च बघतात, किल्ला बघतात, मी बिन-डे कधी आहे ते बघतो. मुलगा माझ्यापासून वीस पावलं मागे चालतो. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर दोन मिनिटं गप्पच झाली आणि मग म्हणाली, "एवढं शिकून तिकडे गेलास ते लोकांचे कचऱ्याचे डबे बघायला?" ह्याला उत्तर नाही.

पण ऐका तर खरं.

इथे कचरा कोण उचलतो हे आधी समजून घ्यायला लागतं. इंग्लंडच्या बऱ्याच भागात कौन्सिल दोन मजली असते, वर काउंटी आणि खाली डिस्ट्रिक्ट किंवा बरो. दारातून कचरा उचलायचं काम खालच्या मजल्याचं, आणि उचललेल्या कचऱ्याची विल्हेवाट लावायचं काम वरच्या मजल्याचं. म्हणजे डबा डिस्ट्रिक्टचा. त्यामुळे केंट काउंटीचा तो मागच्या पायांवर उभा पांढरा घोडा कितीही फेमस असला तरी केंटमध्ये बिनवर त्याला शोधत बसू नका, मी एक अख्खा शनिवार घालवलाय त्यात. तिथे मेडस्टोन, ॲशफर्ड, कँटरबरी असली नावं बघायची. ही गोष्ट मला कोणी सुरुवातीलाच सांगितली असती तर पेट्रोल वाचलं असतं.

आणि ह्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच सारख्या मरत असतात. आत्ता आहेत त्यातल्या बऱ्याच 1 एप्रिल 1974 ला जन्मल्या, 1972 च्या कायद्याने, आणि तेव्हापासून सरकार दर काही वर्षांनी त्यातल्या थोड्या थोड्या एकत्र करतं. 2009 ला कॉर्नवॉल, विल्टशायर, श्रॉपशायर, डरहम, नॉर्थम्बरलंड इथल्या सगळ्या डिस्ट्रिक्ट एका दिवसात गेल्या. 2020 ला बकिंगहमशायर. 2021 ला नॉर्दम्प्टनशायर, तिथे तर काउंटी कौन्सिलचीच पैशाची बोंब झाली होती, 2018 मध्ये त्यांनी सेक्शन 114 ची नोटीस काढली म्हणजे आपल्या भाषेत दिवाळंच, मग काउंटी आणि खालच्या सात अशा आठ कौन्सिल गुंडाळून दोन केल्या. 2023 ला नॉर्थ यॉर्कशायर, सॉमरसेट आणि कंब्रिया. कंब्रियाची गंमत अशी की तिथे ज्या दोन नवीन कौन्सिल आल्या त्यांची नावं कंबरलंड आणि वेस्टमोरलंड अँड फर्नेस, म्हणजे 1974 साली नकाशावरून पुसलेली दोन जुन्या काउंटींची नावं एकोणपन्नास वर्षांनी परत. पण दारातल्या डब्यांना ह्याचा पत्ताच नाही, ते मधल्या काळातली नावं घेऊन उभे आहेत, अ‍ॅलरडेल, कोपलंड, ईडन.

कारण ऑफिसवरची पाटी एका दिवसात बदलता येते, वेबसाइट एका रात्रीत बदलते, लेटरहेड, गाड्या, सगळं हळूहळू बदलतं. पण लाखभर घरांच्या दारात उभे असलेले डबे कोण बदलणार? चांगले धडधाकट आहेत, चाकं फिरतात, झाकण लागतं. नवीन घ्यायचे तर पैसे लागतात. मग ते तसेच राहतात, फुटेपर्यंत. आणि हा प्लॅस्टिकचा डबा लवकर फुटत नाही हो. मी केटरिंगच्या एका गल्लीत उभा होतो, कौन्सिल नॉर्थ नॉर्दम्प्टनशायर, आणि अख्ख्या गल्लीत रांगेने केटरिंग बरो कौन्सिल, केटरिंग बरो कौन्सिल, केटरिंग बरो कौन्सिल. मधेच एक नवीन चकचकीत. त्या एका घराचा डबा फुटला असणार किंवा चोरीला गेला असणार किंवा लोक नवीन राहायला आले असणार, बघा, एका डब्यावरून किती कळतं.

सगळ्यात कमी आयुष्य मला वाटतं सॉमरसेट वेस्ट अँड टॉन्टनचं. 2019 ला दोन डिस्ट्रिक्ट एकत्र करून बनवली आणि 2023 ला परत विसर्जित. चार वर्षं! लेकाचे साखरपुडे जास्त टिकतात. त्या नावाचा बिन मला अजून सापडलेला नाही.

बरं, डबा किती जुना हे ओळखायची एक ट्रिक आहे आणि ती कळली तेव्हा मला गुप्तहेर झाल्यासारखं वाटलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा अंगावर कुठेतरी छोटं गोल घड्याळासारखं उमटवलेलं असतं, कडेला 1 ते 12 आकडे, मधे बाण, आणि बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्याकडे तो महिना. म्हणजे डब्याची जन्मतारीखच. साच्यातच ते फिरवायचं असतं, त्यामुळे खोटं बोलत नाही. झाकण आणि अंग वेगवेगळ्या तारखेचं निघालं तर समजायचं झाकण बदललंय. (झाकण उघडून बघायचं असेल तर नाक धरा, आणि शक्यतो स्वतःच्याच डब्यावर प्रॅक्टिस करा.) शिवाय ईएन 840 असं लिहिलेलं असतं, ते युरोपियन स्टँडर्ड, डबा गाडीच्या लिफ्टवर नीट अडकावा म्हणून मापं ठरवलेली. घरगुती डबा बहुतेक 240 लिटर, छोट्या कुटुंबाला 140 किंवा 180.

चिन्ह कसं छापतात तेही बघण्यासारखं आहे. बहुतेक वेळा ते गरम ठशाने दाबलेलं असतं, मधे पांढरा फॉइल ठेवायचा आणि वरून तापलेला ठसा, की तो रंग प्लॅस्टिकमध्ये बसतो. बोट फिरवलं तर किंचित खड्डा लागतो. एकच रंग मिळतो, बारीक रेषा मिळत नाहीत. आणि इथेच सगळी मजा आहे, कारण ह्या कौन्सिलांची जुनी राजचिन्हं म्हणजे ढाल, शिरस्त्राण, दोन बाजूला दोन प्राणी, खाली लॅटिन ब्रीदवाक्य, असला सगळा पसारा, आणि तो एका पांढऱ्या रंगात तळहाताएवढ्या जागेत मारायचा. सिंहाचं मांजर होतं. लॅटिनची मुंग्यांची रांग होते. म्हणून बऱ्याच कौन्सिलांनी डब्यासाठी साधा लोगो पकडला, एक हिरवं पान, एक नदीची लाट, एखादा टेकडीचा बाक. नव्वदच्या दशकानंतरचे लोगो बघाल तर सगळीकडे लाट. समुद्रापासून शंभर मैल लांब असली तरी लाट! मला हे लोगो आवडत नाहीत, सरळ सांगतो. बँकेचा असेल की दाताच्या डॉक्टरचा, काही कळत नाही.

जुनं चिन्ह असलं की जीव असतो त्यात. कोव्हेंट्रीचा हत्ती घ्या. हत्तीच्या पाठीवर अंबारी नाही, आख्खा किल्ला आहे! मराठी माणसाला ते बघून जे होतं ते इंग्रजाला होणार नाही. ऑक्सफर्डचा बैल नदीचा उतार ओलांडतोय, ऑक्स आणि फोर्ड, नावाचं चित्रच काढून ठेवलंय. ब्रॅडफर्डच्या चिन्हात रानडुकराचं मुंडकं आहे आणि त्याला जीभ नाही, कारण गोष्ट अशी की रानात माजलेलं डुक्कर मारणाऱ्याला बक्षीस होतं, एकाने मारलं आणि पुरावा म्हणून नुसती जीभ कापून नेली, मागून दुसरा येऊन मुंडकं घेऊन बक्षीस मागायला गेला, आणि जीभ कुठंय म्हटल्यावर फजिती. मँचेस्टरची मधमाशी 1842 च्या राजचिन्हातली, कामकरी माशी म्हणजे गिरण्यांचं शहर, ती आता तिथे रस्त्यावरच्या कचराकुंड्यांवर आणि खांबांवर पण दिसते. ग्लासगोच्या चिन्हात पक्षी, झाड, घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा आहे. अंगठी धरलेला मासा म्हटलं की आपल्याला लगेच शकुंतला आठवते ना? तिथे ती गोष्ट सेंट मंगो नावाच्या संताची आहे पण राणीची हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडते हे अगदी तेच.

वेल्समध्ये गेलात तर सगळं डबल, वेल्श आणि इंग्लिश. कंगोर म्हणजे कौन्सिल एवढा एक शब्द मी बिनवरून शिकलोय. लिव्हरपूलला घरगुती कचऱ्याचे बिन जांभळे आहेत. तिथल्या दोन फुटबॉल क्लबांत लिव्हरपूल लाल आणि एव्हर्टन निळा, लोक सांगतात की लाल केले असते तर एव्हर्टनवाले चिडले असते, निळे केले असते तर लिव्हरपूलवाले, म्हणून दोन्ही मिसळून जांभळा. खरं असो नसो, माझा विश्वास बसला.

आता डस्टबिन. आपण मराठीत बिनधास्त डस्टबिन म्हणतो, इथे तो शब्द म्हातारी माणसं वापरतात, बाकी सगळे नुसतं बिन. पण त्यातला डस्ट म्हणजे धूळ नाही, कोळशाची राख. घराघरात कोळशाच्या शेगड्या, रोजची राख, म्हणून पत्र्याचा डबा. 1956 च्या क्लीन एअर ॲक्टनंतर शेगड्या कमी होत गेल्या, राख कमी झाली, पॅकिंगचा कचरा वाढला, मग प्लॅस्टिकचा डबा चालायला लागला. आणि तरी आजही बिनच्या झाकणावर ठळक अक्षरात असतं, नो हॉट ॲशेस, गरम राख टाकू नका. काही झाकणांवर हेच जर्मनमध्ये पण असतं कारण बरेच डबे जर्मन कंपन्यांचे. गंमत म्हणजे चाकांचा हा डबा पहिल्यांदा 1968 साली स्लाउमध्ये बनला असं सांगतात, एका कारखान्यात आतल्या आत कचरा न्यायला. आणि स्लाउच्या राजचिन्हात आहे एक हंस, चोचीत मिसेस सिंकिन्स नावाचं पांढरं सुवासिक फूल धरलेला. ते फूल तिथल्याच वर्कहाउसच्या (गरिबांना ठेवून काम करवून घ्यायची जागा) मॅनेजरने तयार केलं आणि बायकोचं नाव दिलं. जगाला कचऱ्याचा डबा देणाऱ्या गावाने चिन्हात सुवासिक फूल ठेवावं, ह्याला म्हणतात दूरदृष्टी.

फोटो काढताना थोडं भान लागतं. लोक डब्यावर पांढऱ्या रंगाने घरनंबर लिहितात, कधी रस्त्याचं नाव पण, ते फोटोत घ्यायचं नाही. आणि कोणी बाहेर आलं तर आधीच हसून सांगून टाकायचं. मला एकदा एका आजींनी खिडकीतून बराच वेळ बघितलं, मग बाहेर येऊन विचारलं तुम्ही कौन्सिलकडून आलात का, मी नाही म्हटलं तर निराश झाल्या, तीन आठवडे त्यांचा हिरवा डबा उचललेला नव्हता. मी बिनचा छंद सांगितला. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि तिथे पाण्यासाठी ठेवलेला एक डबा दाखवला, त्याच्यावर जे चिन्ह होतं ते मी आजवर फक्त इंटरनेटवर पाहिलं होतं. चहापण दिला.

खरं तर असे डबे अलॉटमेंटवर, म्हणजे लोक भाजी लावायला भाड्याने घेतात त्या जमिनीच्या तुकड्यांवर, जास्त सापडतात. डबा बहुतेक ठिकाणी कौन्सिलच्याच मालकीचा असतो, पण घर बदलताना लोक सामानासोबत नेतात, मग तो शेकडो मैल लांब कुठेतरी बटाट्याच्या वाफ्याशेजारी कंपोस्ट भरून उभा असतो. कचऱ्याची गाडी त्याला उचलत नाही, त्यामुळे त्याला धक्का नाही, झाकण तुटत नाही, आणि तो गाडीवरच्या भावंडांपेक्षा जास्त जगतो.

सध्या मी घाईत आहे. डिसेंबर 2024 ला सरकारने जाहीर केलं की ही दोन मजली पद्धतच सगळीकडून काढायची. सरेमध्ये अकरा डिस्ट्रिक्ट आहेत, तिथे एप्रिल 2027 पासून ईस्ट सरे आणि वेस्ट सरे अशा दोनच कौन्सिल करायचं ठरलंय. अकरापैकी माझे सात झालेत. स्पेलथॉर्न, रनीमीड, टँड्रिज आणि वेव्हर्ली राहिलेत. डबे लगेच कुठे जाणार नाहीत हे मला चांगलं माहितीय, वर एवढं तेच तर सांगितलं, पण कौन्सिल जिवंत असताना काढलेला फोटो आणि नंतरचा ह्यात फरक असतो. बायकोला हा फरक समजावून सांगायचा मी प्रयत्न केला.

आणि आमच्या घरात जे चाललंय ते वेगळंच. माझा हिरवा डबा जुन्या कौन्सिलचा आहे (नाव लिहीत नाही, पत्ता दिल्यासारखं होईल), बाणाशेजारच्या आकड्यांवरून जन्म 2006 चा. मागच्या महिन्यात त्याचं डावं चाक गेलं. बायको म्हणते ऑनलाइन फॉर्म भर, नवीन देतात. नवीन म्हणजे नवीन लोगोचा, लाटवाला. मी अजून फॉर्म भरलेला नाही. एक्सलसकट चाकांचा जोड मिळतो असं कळलंय, 200 मिलिमीटरचं चाक, मागवलंय, बुधवारी येईल. तोपर्यंत मंगळवारी एका चाकावर ढकलायचा आहे, आणि शेजारी आता खिडकीत उभा राहून बघणार.