चाकोरी

चिरंजिवांना लायसन्स मिळून तीन महिने झाले होते. तेवढ्यात गाडी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत आणि फार तर आत्याच्या घरापर्यंत गेली, तीही मी शेजारी बसून. मी शेजारी बसतो तेव्हा माझा उजवा पाय जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक दाबत असतो. आणि डिसेंबरात एका संध्याकाळी सरळ प्रश्न आला, "बाबा, तेरा तारखेला रात्री गाडी मी नेऊ? आम्ही चौघं पानशेतच्या बाजूला जातोय. उल्कावर्षाव आहे."

नाही म्हणायची सोय नव्हती. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी तोंडात पेढा असताना मी बोलून गेलो होतो, "माग तुला काय हवं ते." तेव्हा त्याने काहीच मागितलं नव्हतं. जपून ठेवलं होतं, हे आता कळलं.

पेढा तोंडात नसतानाही एका बापाने हीच चूक केली होती. ओव्हिड या रोमन कवीच्या 'मेटामॉर्फोसीज'मध्ये ती सविस्तर आहे. फेथॉन हा सूर्याचा मुलगा, पण वाढला आई क्लायमिनीजवळ. बरोबरीचा एपाफस एकदा त्याला हिणवतो, की आई सांगते ते सगळं तू खरं मानतोस, कशावरून तुझा बाप सूर्य? तेवढं त्याला पुरतं. पोरगं उठून थेट पूर्वेला बापाच्या महालात जातं. सूर्य डोक्यावरचे किरण उतरवून त्याला जवळ घेतो, मुलगा म्हणून कबूल करतो आणि वर स्टिक्स नदीची शपथ घेतो, की मागशील ते देईन. ही शपथ देवांनाही मोडता येत नाही. फेथॉन एक दिवस रथ मागतो.

अतिमहत्त्वाकांक्षेचा धडा म्हणून ही गोष्ट सांगतात. मेणाने जोडलेल्या पंखांनी सूर्याच्या फार जवळ उडालेल्या इकॅरसची गोष्ट जास्त गाजली, कारण ती चार ओळींत संपते: मेण, ऊन, समुद्र. फेथॉनची गोष्ट मात्र सावकाश वाचली की त्यात महत्त्वाकांक्षा फारशी दिसत नाही. त्याला आकाश जिंकायचं नाही. आपण याचेच, एवढं त्याला चारचौघांना दाखवायचं आहे. सूर्याला ते कळतं. तो म्हणतो, तुला खात्रीचा पुरावा हवा ना? मी घाबरलोय, हाच पुरावा. बघ माझ्या चेहऱ्याकडे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवितेतली ही ओळ मी पूर्वीही वाचली होती. तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती आणि मुलगाही नव्हता.

मग सुरू होतात सूचना. पहिला चढ इतका उभा आहे की सकाळी ताज्या दमाचे घोडेही जेमतेम चढतात. माथ्यावर पोचल्यावर खाली बघितलं की मलासुद्धा धडकी भरते. शेवटचा उतार घसरणीचा. वाटेत बैलाची शिंगं आहेत, सिंह आहे, विंचू आहे. चाबूक कमी वापर, लगाम घट्ट धर. फार वर गेलास तर आकाश जाळशील, फार खाली आलास तर पृथ्वी. मधून जा. (इकॅरसचा बाप डेडॅलसही मुलाला पंख बांधताना हेच सांगतो. ओव्हिडचे बाप एकाच शाळेत शिकलेले दिसतात.) आणि मला सगळ्यांत आवडलेली सूचना: तुला माझ्या चाकांच्या खुणा दिसतील, त्यांवरून जा.

म्हणजे चाकोरी. बैलगाडीच्या चाकांनी पडलेली वाट. या बिचाऱ्या शब्दाचे आपण काय हाल केले आहेत! चाकोरीबाहेरचं लेखन, चाकोरीबाहेरचं करिअर, चाकोरीबाहेरचा विचार. सत्कार होतो तो बाहेरच्यांचाच. पण चाकोरी पडायला कुणाला तरी रोज त्याच वाटेने जावं लागतं, हे सत्काराच्या भाषणात येत नाही. सूर्याइतका चाकोरीतला नोकरदार दुसरा नसेल. एक रजा नाही. आपल्याकडची व्यवस्था त्या मानाने शहाणपणाची: सात घोडे, आणि हाकायला अरुण. गाडीला ड्रायव्हर असला की मुलं किल्ली मागायला बापाकडे येत नाहीत.

फेथॉनने सूचना ऐकल्या का? ओव्हिड एवढंच सांगतो, की तो रथावर चढला, लगाम हातात आल्याचा त्याला आनंद झाला आणि नाखूश बापाचे त्याने आभार मानले. "हो बाबा, कळलं," हे त्याचं मराठी भाषांतर. खडकवासला सोडला की रस्त्यावर अंधार असतो, समोरून गाडी आली की लाइट डिपर कर, झोप आली तर बाजूला घे, हे मी सांगत होतो तेव्हा मला हेच उत्तर मिळालं.

पुढचं बिघडतं ते वजनामुळे. घोड्यांना लगेच कळतं की आज रथात नेहमीचा भार नाही. पुरेसं वजन न भरलेलं जहाज लाटांवर हेलकावतं तसा रथ उडायला लागतो, अशी ओव्हिडची उपमा आहे. लॅटिन घोड्यांची ही तक्रार मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे वजन पडावंच लागतं. फेथॉनचं पडलं नाही. घोडे चाकोरी सोडून उधळले आणि त्यांना हाका मारायला त्यांची नावंसुद्धा त्याला ठाऊक नव्हती. समोर विंचू नांगी उगारून आला, हातातले लगाम सुटले. डोंगर पेटले, लिबियाचं वाळवंट झालं, नाईल घाबरून पळाली आणि तिने आपलं उगमाचं तोंड लपवलं. शेवटी पृथ्वीने गाऱ्हाणं घातलं आणि देवांचा राजा ज्युपिटर याने वीज टाकली. पेटलेल्या केसांनी पोरगं खाली आलं ते एरिडॅनस नदीत. दुसऱ्या दिवशी सूर्य कामावर आलाच नाही. पहिली रजा.

आता माणसांचा विनोद बघा. अठराव्या शतकात युरोपात हलकी, उंच, वेगाने पळणारी उघडी घोडागाडी निघाली, तिला नाव दिलं फेटन. पुराणातल्या सगळ्यांत वाईट गाडीवानाचं! ती इंग्रजांबरोबर मुंबईत आली आणि आपण तिला फिटन म्हणू लागलो. आजोबांच्या पिढीतली माणसं फिटनमधून ऐटीत फिरली आणि कुणालाच विंचू आठवला नाही. 2002 साली फोक्सवागननेही आपल्या आलिशान मोटारीला हेच नाव दिलं.

खगोलशास्त्रज्ञांनी मात्र नाव नेमकं वापरलं. 1983 साली आयरस या उपग्रहाच्या निरीक्षणांतून एक लघुग्रह सापडला. सूर्यापासून तो सुमारे 2.1 कोटी किलोमीटरवरून जातो. बुधसुद्धा इतक्या जवळ जात नाही. त्याचं नाव 3200 फेथॉन. मागे सांडलेला त्याचा चुरा पृथ्वीच्या वाटेत आहे. दर डिसेंबरच्या मध्याला आपण त्यातून जातो आणि मिथुन राशीच्या दिशेने उल्का पडताना दिसतात. जेमिनिड्स. चिरंजीव गाडी घेऊन जाणार होते ते हेच बघायला.

मी त्याला हे सांगितलं नाही. ओव्हिडने फेथॉनच्या पडण्याला उपमाही हीच दिली आहे: निरभ्र आकाशातून तारा पडावा, म्हणजे खरं तर पडत नाही, पडल्यासारखा वाटतो. आणि नदीवरच्या अप्सरांनी त्याच्या थडग्यावर लिहिलं, की इथे बापाचा रथ हाकणारा फेथॉन आहे, रथ त्याला आवरला नाही, पण तो मोठं धाडस करताना पडला. मृत मुलाला तिथे कुणी रागावलेलं नाही. ही ओळ मला सुंदर वाटते. पण ती अप्सरांनी लिहिली आहे. बापाला लिहायला सांगितली असती तर?

तेरा तारखेच्या रात्री मी पुस्तक घेऊन झोपलो, म्हणजे पुस्तक घेऊन पडलो. सव्वापाचला फाटक वाजलं. मी घोरण्याचा आवाज काढला. दार हळूच लागलं, बूट हळूच काढले गेले, फ्रिज मात्र धाडकन उघडला.

"किती दिसल्या?" मी आतून विचारलं.

"जागेच आहात? त्रेसष्ट. मग मोजायचं सोडून दिलं."

सकाळी ऑफिसला निघालो. गाडीवर धुळीचा थर होता, मागच्या सीटवर वेफर्सचा चुरा. सीटवर बसलो आणि क्लच दाबायला पाय पुढे केला, तर पाय पोचेना. सीट पार मागे सरकवलेली होती.