पन्हाळ्याहून उतरलेली जीप आणि गार होताना सैल पडणारा हँडब्रेक

मंडळी, माझ्या सीजे-३-बी जीपच्या मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचं काम संपलं, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

गेल्या रविवारी चौघं मित्र घेऊन पन्हाळ्याहून उतरलो आणि वाघबीळच्या अलीकडे उतारावरच चहाला थांबलो. हँडब्रेक सहा खटके ओढला, गिअर न्यूट्रलला ठेवला (मुद्दाम, परीक्षा म्हणून) आणि सवयीनं पुढच्या चाकासमोर दगड लावला. दगड आणि टायर यांत चार बोटांचं अंतर होतं. वीस मिनिटांनी परत आलो तर टायर दगडाला चिकटलेला. खाली वाकून केबलला बोट लावलं. थांबताना तारेसारखी ताठ असलेली केबल आता बोटानं दाबली की दबत होती. हँडब्रेकचा लिव्हर मात्र सहाव्या खटक्यावरच.

तीन संध्याकाळी याच एका गोष्टीत गेल्या. आधी लिव्हरला खटक्यावर अडवणाऱ्या रॅचेटवर संशय होता, पण दात शाबूत. मग कॅलिपरच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनं चिमटणारा भाग) आतल्या, झिजलेले पॅड जवळ आणणाऱ्या ॲडजस्टरवर. जीपला बसवलेत ते पिस्टनमध्येच बॉल-रॅम्प असलेले कॅलिपर: केबलनं कॅलिपरवरचा छोटा लिव्हर फिरला की गोळ्या उतारावर चढून पिस्टन पुढे ढकलतात. सुरुवातीला त्यांची केबल मी घट्ट ठेवली होती, त्यामुळे हा छोटा लिव्हर सोडल्यावर स्टॉपला टेकत नव्हता आणि ॲडजस्टर कामच करत नव्हता. ती चूक दिवाळीतच निस्तरली: आधी केबल सैल, मग पायाचा ब्रेक वीस-पंचवीस वेळा दाबून पॅड जवळ आणायचे, केबल सगळ्यात शेवटी. आताही तपासलं, कॅलिपरचा लिव्हर दोन्हीकडे स्टॉपला नीट टेकतो. आणि गार गाडी त्याच उताराच्या रॅम्पवर रात्रभर एक सूतही हलली नाही.

म्हणजे भानगड तापण्यात होती. ब्रेक धरून गाडी चालवली, डिस्क २१० अंशांपर्यंत नेली, हँडब्रेक ओढला आणि मोजत बसलो. केबलचा ताण मोजायला बॅगा तोलायचा हुकाचा काटा वापरला. केबलचा मोकळा भाग मधोमध १० मिमी बाजूला ओढायचा आणि किलो वाचायचे. सुरुवातीला ७ किलो. पंचवीस मिनिटांनी ३.२. निम्म्याहून खाली! लिव्हरला कुणी हात लावला नव्हता.

उद्यमनगरातल्या आमच्या टर्नर मामांना सांगितलं तर म्हणाले, "लोखंड गार झालं की आक्रसतंय, हे काय नवं हाय व्हय?" हिशेब केला. १० मिमी जाडीची डिस्क इतकी गार होताना जेमतेम ०.०२ मिमी बारीक होते. तेवढ्यानं एवढा फरक पडायचा नाही. मग पॅड तापवून मायक्रोमीटर लावला. गरम पॅड गारपेक्षा सुमारे ०.०५ मिमी जाड. दोन पॅड आणि डिस्क मिळून ०.१२. आणि माझ्या कॅलिपरचं गुणोत्तर आहे साधारण ४०, म्हणजे केबल ४० मिमी सरकली की पॅड १ मिमी सरकतो. पॅडपाशी ०.१२ मिमी म्हणजे केबलपाशी जवळजवळ ५ मिमी! केबल ओढल्यावर जेवढी ताणली जाते त्यातलं निम्म्याहून जास्त त्या ५ मिमीत संपतं.

हा आकडा सापडला त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

कागदावरची गरज पुन्हा लिहितो, नव्यानं डिस्क लावणाऱ्यांसाठी. युरोपातल्या मोटारींचा आर-१३-एच नियम म्हणतो की भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि उतारावर थांबली पाहिजे, हाताचा जोर ४०० न्यूटनच्या आत. माझी भरलेली जीप १५५० किलो धरली तर उतार तिला सुमारे ३०० किलोंनी खाली ओढतो. टायरची त्रिज्या ०.३५ मीटर, डिस्कवर पॅड दाबतो तिथली त्रिज्या ०.११५, घर्षणांक ०.३५ धरला, तर प्रत्येक कॅलिपरनं साडेसहाशे किलोंच्या पुढे दाबून धरायला हवं. ड्रममध्ये चाक फिरू पाहिलं की शू (ड्रमला आतून दाबणारी वक्र पट्टी) स्वतःच ड्रमवर आणखी दाबला जातो, डिस्कला ही मदत नाही. जेवढं दाबाल तेवढंच. म्हणून इथं ताण निम्मा होणं परवडत नाही.

उपाय: इक्वलायझरच्या (केबलची ओढ दोन्ही चाकांत वाटणारा तुकडा) अलीकडे, आधीच दाबून ठेवलेली स्प्रिंग. साधी स्प्रिंग लावली तर लिव्हर छतापर्यंत ओढावा लागेल. म्हणून नळीत वॉशर आणि बोल्टनं ८० किलोंपर्यंत दाबून ठेवली. त्यापुढे ओढलं की ती आणखी ८ मिमी दबते आणि गार होताना तेवढं अंतर भरून काढते. पहिली लाल डाय स्प्रिंग (प्रेसच्या डायमधली जाड स्प्रिंग, रंगावरून कडकपणा कळतो) फार कडक निघाली. निळी बसली. (डाय स्प्रिंग प्रेस टूलवाल्यांकडूनच घ्या. ऑनलाइन मागवलेल्या एका स्प्रिंगची लांबी दोन दिवसांत ३ मिमी कमी झाली.) मामांनी नळी लेथवर इतकी सुबक काढली की रंग द्यायचं मन होईना.

काल पुन्हा तापवून मोजलं. सुरुवात ७, पंचवीस मिनिटांनी ५.९. दोन खटके जास्त ओढावे लागतात, मंजूर. नव्या गाड्यांतला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक थोड्या वेळानं मोटर फिरवून पुन्हा आवळतो, तो याच कारणासाठी. माझी स्प्रिंग तेच काम विजेशिवाय करते.

आणि हे लिहिता लिहिता एक विचार आला. सीजे-३-बीचा मूळ हँडब्रेक चाकांवर नव्हताच, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) मागच्या शाफ्टवरचा ड्रम होता. रोजच्या ब्रेकिंगमध्ये तो तापतच नाही! मी तो काढला, कारण मागचं ऑइल सील गळून शू तेलात भिजायचे. तिथेच छोटी डिस्क आणि केबलवाला कॅलिपर लावला तर? ॲक्सलचं ५.३८ गुणोत्तर (शाफ्टचे ५.३८ फेरे, चाकाचा एक) मदतीला येतं, म्हणजे लागणारा टॉर्क पाचपटीनं कमी. तोटे आहेत. युनिव्हर्सल जॉइंटच्या ढिलाईनं गाडी उतारावर थोडी पुढेमागे डुलणार, आणि एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ब्रेक निकामी. म्हणून चाकांवरचे कॅलिपर राहतील, शाफ्टवरची डिस्क जोडीला.

शनिवारी मागचा योक (ट्रान्सफर केसला शाफ्ट जोडणारा तुकडा) काढतोय. सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच आहे. ती भरून घासायची की योकच नवा घ्यायचा, हे मामा बघून सांगतील. ज्यांनी स्पायसर १८ (या जीपची ट्रान्सफर केस) उघडलाय त्यांनी त्या खाचेचं काय केलं ते शनिवारच्या आत कळवा.