घरची संगती नेमकी कुठे बिघडते

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या चार गोष्टी दिल्यात: शिक्षण, सहवास, भाकर मोडणे, प्रार्थना. रविवारच्या उपासनेत सहवास चपला घालेपर्यंतच टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं; हीच घरची संगती.

8 ते 12 माणसं पुरेत. पंधराच्या पुढे गेलं की तिघेच बोलतात, बाकीचे माना हलवतात. मग दुसरं घर शोधा. वेळ सव्वा तास: दोन गीतं, बायबलचा एक उतारा, 20 मिनिटं चर्चा, उरलेला वेळ प्रार्थनेला. (प्रवचन नको. ते कधीच वेळेत संपत नाही!)

बिघडतं ते प्रार्थनेच्या विनंत्यांत. ‘अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा’ इथून सुरू होतं नि कुजबुजीत संपतं. विनंती स्वतःची सांगावी. दुसऱ्याची असेल तर त्याला विचारून. ती वहीत तारखेसह लिहा आणि पुढची सभा तिथूनच सुरू करा: ऑपरेशन झालं का, नोकरीचं काय?

खाणं चहा-बिस्किटांवरच ठेवा. एका घरी वडे झाले की पुढच्या घरी बिर्याणी होते, आणि ज्यांना परवडत नाही ते ‘आमच्याकडे नको’ म्हणू लागतात.

कुणी दोन आठवडे दिसलं नाही, तर व्हॉट्सअॅपवर वचन पाठवू नका. फोन करा.