एमा पीलचा पगार

१० सप्टेंबर २०२० चा तो गुरुवार होता. मी एका मराठी दैनिकात देश-विदेशाचे पान पाहत होते. टाळेबंदीपासून अंकाची पाने घटली होती, निम्मे सहकारी घरून काम करत होते आणि डेस्कवर आम्ही चौघेच, मधली एकेक खुर्ची रिकामी ठेवून बसलेलो होतो. पान जवळजवळ लागले असतानाच वृत्तसंस्थेकडून ब्रिटिश अभिनेत्री डायना रिग यांच्या निधनाची बातमी आली. मुख्य उपसंपादकांनी नाव वाचले आणि म्हणाले, "ती बाँडची बायको ना? सिंगल कॉलम घ्या, शंभर शब्द."

त्यांचे काही चुकले नव्हते. १९६९ च्या बाँडपटात ज्या नायिकेशी बाँडचे खरोखर लग्न लागते आणि जी लग्नाच्याच दिवशी गोळीला बळी पडते, ती भूमिका रिग यांचीच होती. तरुण सहकाऱ्यांना त्या 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या तिखट जिभेच्या आजीबाई, ओलेना टायरेल, म्हणून ठाऊक होत्या. मी शंभर शब्दांसाठीच माहिती जुळवायला बसले आणि पहिल्याच ओळींत अडकले, कारण तिथे बिकानेर होते.

२० जुलै १९३८ रोजी यॉर्कशरमधील डॉनकास्टर येथे जन्मलेली ही मुलगी दोन महिन्यांची असताना आईबरोबर भारतात आली. वडील बिकानेर संस्थानच्या रेल्वेत अधिकारी होते. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत ती तिथेच वाढली, हिंदी बोलत राहिली आणि मग तिला उचलून यॉर्कशरमधल्या एका निवासी शाळेत ठेवण्यात आले. वाळवंटातल्या उन्हाची सवय झालेल्या त्या पोरीला तिथली शिस्त आणि थंडी मुळीच मानवली नाही. पुढे लंडनच्या 'राडा' या नाट्यसंस्थेतले शिक्षण, १९५९ पासून स्ट्रॅटफर्डची रंगभूमी, १९६२ मध्ये पीटर ब्रूक यांनी बसवलेल्या 'किंग लिअर'मधली कॉर्डेलिया. थोडक्यात, दूरचित्रवाणीवर येण्याआधीच ही बाई शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेली होती.

१९६५ मध्ये 'द अ‍ॅव्हेंजर्स' या हेरमालिकेत त्या आल्या, त्याही योगायोगाने. आधीची नायिका ऑनर ब्लॅकमन मालिका सोडून गेली होती आणि तिच्या जागी निवडलेल्या अभिनेत्रीला चित्रीकरण सुरू झाल्यावर काढून टाकण्यात आले होते. नव्या पात्रात पुरुषांना भुरळ घालणारे काहीतरी हवे, म्हणजे 'मॅन अपील' हवे, असे निर्मात्यांच्या मनात होते. त्याचे 'एम अपील' झाले आणि त्यातून नाव निघाले एमा पील. नाव अशा हेतूने ठेवलेले असले तरी पडद्यावर दिसली ती शास्त्र जाणणारी, हातघाईत पुरुषांना लोळवणारी आणि सहनायक स्टीडशी बरोबरीने थट्टा करणारी स्त्री. रिग यांनी ५१ भाग केले. मालिका अमेरिकेत गेली, कृष्णधवलाची रंगीत झाली आणि त्यांचा चेहरा घराघरांत पोहोचला.

याच काळात त्यांना समजले की आपल्याला कॅमेरामनपेक्षाही कमी पैसे मिळतात. त्यांनी तोंड उघडले आणि मानधन वाढवून घेतले. मात्र वृत्तपत्रांनी त्यांना पैशाची हावरी ठरवले आणि व्यवसायातली एकही स्त्री त्यांच्या बाजूने उभी राहिली नाही, हे त्यांनी कित्येक वर्षांनंतरही बोलून दाखवले. हा मजकूर मी दोनदा वाचला. पूर्वीच्या एका नोकरीत माझ्याच दिवशी, माझ्याच पदावर रुजू झालेल्या सहकाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त पगार असल्याचे मला कळले होते. मी विचारणा केली. उत्तर मिळाले नाही, पण "हिला फक्त पैसे दिसतात" हे वाक्य पुढे कित्येक महिने माझ्या कानावर येत राहिले. त्या रात्री डेस्कवर मी यातले काहीच बोलले नाही. एवढेच सांगितले की हा मजकूर शंभर शब्दांत बसणार नाही.

साडेदहाच्या सुमारास पानावरची एक छोटी जाहिरात रद्द झाल्याचा निरोप आला आणि दोन कॉलमांची जागा मोकळी झाली. मी तीनशे शब्द लिहिले. 'मीडिया' (Medea) या ग्रीक शोकांतिकेसाठीचा टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार आणि 'डेम' हा किताब, दोन्ही १९९४ चे. १९९७ चा दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार. हे सगळे एका वाक्यात उरकले. एका समीक्षकाने आपल्या देहावर केलेल्या हीन शेऱ्यानंतर रिग यांनी सहकारी कलावंतांकडून त्यांच्या वाट्याला आलेल्या सर्वांत वाईट समीक्षा मागवून त्यांचे पुस्तक केले, ही गोष्ट मात्र मोह आवरेना म्हणून घेतली. १ सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम नऊ दिवसांपूर्वी, त्यांची भूमिका असलेली नवी मालिका ब्रिटनमध्ये सुरू झाली होती, हेही शेवटी घातले.

मजकूर चार ओळींनी जास्त झाला. "पगाराचे काढू का? मृत्युलेखात पैशाचा विषय बरा दिसत नाही," मुख्य उपसंपादकांनी विचारले. मी म्हटले, "सर, बाँडचे काढा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि बाँडचे लग्न एका ओळीत आणून पान सोडले.

दुसऱ्या दिवशी त्या बातमीवर एकच फोन आला. भुसावळहून निवृत्त झालेले एक रेल्वे कर्मचारी होते. बिकानेरच्या रेल्वेची मीटरगेज गाडी आपण पाहिली आहे, असे सांगून त्यांनी मोठ्या आस्थेने विचारले, "ताई, त्या बाईंचे वडील नेमके कोणत्या खात्यात होते हो?"