खाटकाकडचा भेजा चालेल का?

मेंदूतले मेटाबोलाइट, म्हणजे पेशींच्या रासायनिक कामकाजातले छोटे रेणू, मोजायचा प्रोजेक्ट ठरला की एमएस्सीची मुलं हमखास विचारतात: रविवारी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा भेजा आणला तर चालेल का? कोल्हापुरात हा प्रश्न पडणारच. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हात बसवायला चालेल; नव्हे, तोच आणावा. त्यावरून निष्कर्ष काढायला मात्र चालणार नाही.

रक्तपुरवठा तुटला तरी मेंदूतली एन्झाइम्स काम करतच राहतात. फॉस्फोक्रिएटिन हा ऊर्जेचा राखीव साठा पहिल्या मिनिटातच बहुतेक संपतो, पाठोपाठ एटीपी, म्हणजे पेशीचं रोजचं इंधन, उतरतं, ग्लुकोज घसरतं आणि लॅक्टेट चढत जातं. दुकानातला भेजा तुमच्या हातात येईपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट, एकूण क्रिएटिन, मायो-इनॉसिटॉल त्यामानाने टिकाऊ, पण त्यांच्यासाठीसुद्धा बकऱ्याचं वय, खाणं, वेळ यातलं काहीच तुमच्या ताब्यात नसतं.

खऱ्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी आचारसमितीची मंजुरी आधी. सगळे प्राणी दिवसाच्या एकाच वेळी, एकाच भूल देण्याच्या पद्धतीने घ्यायचे. आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूने मेंदूतलं लॅक्टेट वाढतं, त्यामुळे एका गटाला ते आणि दुसऱ्याला वेगळं असं केलंत तर फरक भुलीचा निघेल. हिस्टॉलॉजीवाल्यांच्या (ऊतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यांच्या) सवयीने सलाइन सोडून रक्त धुऊन काढत बसू नका, त्यात मिनिटं जातात. एन्झाइम्स जागीच बंद पाडायला डोक्यावर नेमका मारा करणारा मायक्रोवेव्ह सगळ्यात चांगला, पण ते खास यंत्र असतं. घरचा ओव्हन नव्हे, हेही विचारून झालंय.

लिक्विड नायट्रोजन आपल्याकडे नवलाचा नाही, गायी-म्हशींच्या रेतनासाठी गोठ्यापर्यंत कॅन येतो. पण उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनात अख्खा मेंदू टाकला की त्याच्याभोवती वायूचं आवरण धरतं, थंडी आत सावकाश शिरते आणि तुकड्याला तडे जातात. नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये हे आवरण धरत नाही. हिप्पोकॅम्पस (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) वेगळा हवा असेल तर बर्फावरच्या धातूच्या प्लेटवर, दर वेळी त्याच क्रमाने, घड्याळ लावून काढा. काढेपर्यंत एटीपी उतरलेलंच असतं, म्हणून अशा तुकड्यातलं एटीपी कुणी छापलेलं दिसलं तर मी तो आकडा वाचत नाही.

वजन घेताना आपला जुलै नडतो. फ्रीझरमधून काढलेल्या ट्यूबवर बघता बघता हिम धरतं आणि तेही वजनात येतं. रिकामी ट्यूब आधी तोलून ठेवा. तुकडा टाकल्यावर ट्यूब ड्राय आइसमधून (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून) काढून बाहेरून पुसायची, लगेच तोलायची आणि परत ठेवायची. पुसायला कोरडा टिश्यू घ्या. ७० टक्के अल्कोहोलने पुसण्याची सवय असेल तर एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणाऱ्या यंत्राच्या आलेखात) १.१८ पीपीएमजवळ इथेनॉलची त्रिशिखा, म्हणजे तीन टोकांचा उंचवटा, उभी राहते आणि १.३३ च्या लॅक्टेटशेजारी विनाकारण गर्दी होते. नावं पेन्सिलने किंवा क्रायो-लेबलवर लिहा, मार्कर मेथनॉलने पुसला जातो.

आता मेटाबोलाइट ऊतीतून बाहेर काढायचे: १०० मिलिग्रॅम ऊतीला ४०० मायक्रोलिटर बर्फगार मेथनॉल आणि ८५ मायक्रोलिटर पाणी घालून झिर्कोनियाच्या (कठीण सिरॅमिकच्या) मण्यांनी होमोजनाइज करा, म्हणजे एकजीव वाटा. तुकडा गोठलेला असतानाच मेथनॉल पडलं पाहिजे. आधी वितळू दिलात तर एन्झाइम्स पुन्हा सुरू होतात. मणी सलग फिरवले तर ट्यूब तापते, म्हणून थोडं फिरवून बर्फात. मग काचेच्या व्हायलमध्ये ओतून, फ्यूम हूडमध्ये, ४०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म आणि २०० मायक्रोलिटर पाणी. प्लास्टिक इथे नको, क्लोरोफॉर्म त्यातली रसायनं ओढून घेतो. मेंदूत पाणी जवळपास ८० टक्के असतं. ते धरून क्लोरोफॉर्म, मेथनॉल, पाणी यांचं प्रमाण २:२:१.८ होतं. व्हॉर्टेक्स, १० मिनिटं बर्फावर, मग ४ अंशांना सेंट्रिफ्यूज. काच असल्याने वेग २००० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पटीच्या) वर नेऊ नका.

वर मेथनॉल-पाण्याचा थर, खाली क्लोरोफॉर्म, मधे पांढरी प्रथिनांची चकती. मेंदूत चरबी भरपूर, त्यामुळे खालचा थर गढूळ वाटला तर घाबरू नका. थरच सुटले नाहीत तर बहुधा दुसऱ्या वेळचं, २०० मायक्रोलिटरचं पाणी घालायचं राहिलेलं असतं. वरचा थर काढताना पिपेटचं टोक चकतीपासून लांब ठेवा. शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडून द्या, सगळ्या नमुन्यांत सारखेच. तेवढ्यासाठी हावरटपणा केलात की लिपिड वर येतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला कॉलम तुमच्या नावाने शंख करतो. ऊतीशिवाय एक कोरी (ब्लँक) व्हायल सगळ्या पायऱ्यांतून न्यायची; भेज्यावर सराव करताना हीच पायरी मुलं हटकून गाळतात. वरचा थर उष्णता न देता नायट्रोजनच्या झोताखाली वाळवून उणे ८० ला ठेवायचा.

मोजणीचं मशीन पुण्याला असेल तर ऊतीऐवजी हे वाळवलेले अर्क ड्राय आइसवर पाठवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, तेव्हा पावसाळ्यात ड्राय आइस हिशेबापेक्षा जास्तच भरा. थर्माकोलच्या डब्याचं झाकण हवाबंद करू नका, वायूच्या दाबाने फुटतं. व्हायलच्या झाकणातून हा कार्बन डायऑक्साइड आतही शिरतो आणि अर्क विरघळवताना पीएच खाली ओढतो. म्हणून तिकडच्यांना सांगून ठेवा, पोचल्यावर व्हायल लगेच उघडायच्या नाहीत, शिरलेला वायू निघून जाण्यासाठी आधी एक रात्र उणे ८० च्या फ्रीझरमध्ये.